लुई एसन हे नाटककार कोण होते आणि त्यांचे कोणते नाटक आधी वाचावे?

लुई एसन यांना ऑस्ट्रेलियन नाटकाचे जनक म्हणतात, तर सुरुवात त्यांच्या कोणत्या नाटकापासून करावी, असे आपण विचारले आहे. मी निःशंकपणे ‘द ड्रोव्हर्स’ ही एकांकिका सुचवेन.

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बार्कली पठाराच्या कडेला, गुरांचा कळप लांबच्या मजलेने हाकत नेणाऱ्यांचा तळ पडला आहे. गुरे बुजून उधळतात आणि ब्रिग्लो बिल हा मुरलेला गडी त्यांच्या पायांखाली तुडवला जातो. गुरांना पाण्यापर्यंत पोहोचवायचे तर थांबून चालणार नाही आणि बिलला हलवणे शक्य नाही. म्हणून सोबती त्याला तिथेच ठेवून निघतात आणि त्याच्यापाशी एक आदिवासी पोऱ्या तेवढा राहतो. मरण समोर दिसत असतानाही ही माणसे मोजकेच बोलतात, आणि मला या एकांकिकेचे बळ त्यातच दिसते.

एसन यांचा जन्म १८७८ मध्ये एडिंबरात झाला आणि बालपणीच ते मेलबर्नला आले. तरुणपणी डब्लिनमध्ये त्यांची आयरिश कवी येट्स यांच्याशी गाठ पडली आणि आपल्याच मातीतले नाटक लिहावे, हा त्यांचा सल्ला एसन यांनी आयुष्यभर उराशी बाळगला. सल्ला चांगलाच होता. परंतु येट्स यांच्या डब्लिनमधल्या अ‍ॅबी थिएटरला सुरुवातीला ॲनी हॉर्निमन यांच्यासारखी पदरमोड करणारी आश्रयदाती लाभली होती, तर मेलबर्नची मोठी नाट्यगृहे लंडनची यशस्वी नाटके आणणाऱ्या व्यावसायिक कंपन्यांच्या ताब्यात होती. व्हान्स पामर आणि स्टुअर्ट मॅकी या लेखक-मित्रांसह एसन यांनी १९२२ मध्ये ‘पायोनियर प्लेयर्स’ ही हौशी मंडळी उभी केली, पण १९२६ मध्ये तिचा गाशा गुंडाळावा लागला.

माझ्या मते एसन यांचा कान रानापेक्षा शहरी बोलण्याला अधिक तयार होता. म्हणून दुसरे नाटक १९१२ चे ‘द टाइम इज नॉट येट राइप’ घ्यावे. पंतप्रधानांची कन्या आणि तिचा समाजवादी वाग्दत्त वर एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि निवडून येते ती. हे निव्वळ कल्पनारंजन नव्हते, कारण तिथल्या गोऱ्या स्त्रियांना संघीय निवडणुकीत मत देण्याचा व उभे राहण्याचा अधिकार १९०२ मध्येच मिळाला होता. मात्र संघीय संसदेत पहिल्या स्त्रिया निवडून गेल्या त्या १९४३ मध्ये, म्हणजे एसन वारले त्याच वर्षी.