उकियो-ए: तरंगतं जग की संसार?

प्रश्न असा: "'उकियो-ए'ला मराठीत 'तरंगत्या जगाची चित्रं' म्हणणं बरोबर आहे का? आणि त्यांतल्या गेइशांना काय म्हणावं?"

आधी गेइशा, कारण ही चूक ऐकून कान किटले आहेत. या जपानी ठसाचित्रांत नटूनथटून बसलेल्या बहुतेक बायका गेइशा नाहीतच. 'गेइ' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. थेट आपला 'कलावंत'. पहिले गेइशा पुरुष होते, बायका या पेशात आल्या अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. चित्रात ओळखायचं तर ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा बघा. गाठ पुढे, अंबाड्यात कासवाच्या कवचाच्या आकड्यांची दाटी, पायांत तीन दातांच्या उंच खडावा आणि थंडीतही पाऊल अनवाणी, तर ती ओइरान, वरच्या दर्जाची गणिका. गाठ मागे, आकडे दोन-तीन आणि जवळ शामिसेन हे तीन तारांचं वाद्य, तर गेइशा. नुसत्या गाठीवर विसंबू नका. जुन्या चित्रांत लग्न झालेल्या बायकाही ती पुढे बांधतात. आणि सतराव्या शतकातला चित्रकार मोरोनोबू याच्या चित्रांत 'ओइरान'ही चालणार नाही. तेव्हाची सर्वांत वरची पदवी 'तायू'.

'ए' म्हणजे चित्र, त्यात काही नाही. खरा ऐवज 'उकियो'त आहे. 'यो' म्हणजे जग. 'उकि' मात्र मुळात तरंगणं नव्हे, दुःख. बौद्धांचं 'दुःखमय जग' ते हेच, आणि ते लिहायच्या अक्षराच्या पोटात 'हृदय' हे चिन्ह आहे. पुढे उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं. हृदय गेलं, डावीकडे पाण्याचे तीन शिंतोडे आले, आणि दुःखाचं जग तरंगायला लागलं. 1660च्या दशकात आसाइ र्‍योइ या लेखकाने 'उकियो मोनोगातारी' या पुस्तकात याची व्याख्याच करून टाकली: उद्याची फिकीर न करता चंद्र, बर्फ, फुलं बघावीत, गावं, प्यावं, आणि प्रवाहातल्या भोपळ्यासारखं वाहत जावं. पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्याला ही उपमा समजावून सांगायला नको.

म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी शब्द 'संसार' हाच. मूळ 'सृ' धातू, सरणं, वाहणं. संतांकडे संसार दुःखाचा, आणि आपल्या घरी तोच 'थाटायचा', त्याची भांडी घासायची. वाहणं, दुःख आणि रोजचं जगणं तिन्ही एका शब्दात असताना इंग्रजीवरून 'तरंगतं जग' कशाला उचलायचं?

यावर काही कलासमीक्षक म्हणतात की दुःखाचा अर्थ सतराव्या शतकातच मेला, उरली ती फक्त मौज. त्यांनी चित्रकार उतामारोची 'सेइरो जूनी तोकी' ही 1794च्या सुमाराची मालिका बघावी. योशिवारा या गणिकांच्या वस्तीतल्या दिवसाचे बारा प्रहर, बारा चित्रं. बैलाच्या प्रहरी, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, झोपेने पेंगुळलेली गणिका एका हातात कागदाची पेटती वळी धरून पायाने सपाता चाचपते आहे. यात मौज कुठे दिसते? भोवती खंदक, बाहेर पडायला एकच मोठा दरवाजा आणि आईबापांनी वर्षांच्या करारावर विकलेल्या मुली, हे त्या वस्तीचं वास्तव होतं.

'योशिवारा' हे वस्तीचं नावही तसंच, अक्षर बदलून घडलेलं. 1618 साली एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, ज्या दलदलीत ती उभी राहिली तिथे बोरू माजलेले. बोरूला जपानीत 'आशि', पण 'आशि' म्हणजे 'वाईट'ही. म्हणून अशुभ टाळायला 'योशि', म्हणजे 'चांगलं'. बांगडी फुटली तर आपण 'वाढली' म्हणतो, त्यातलाच प्रकार. मग बोरूच्या अक्षराजागी 'शुभ'चं अक्षर घातलं, आणि 'बोरूचं माळरान' झालं 'शुभ माळरान'. 1657च्या आगीनंतर वस्ती शहरातल्याच आसाकुसा भागाच्या मागे हलली, नाव सोबत गेलं.

आणि मालिकेच्या नावातलं 'सेइरो' कृपा करून 'हिरवी घरं' असं लिहू नका. 'सेइ' हा निळा-हिरवा रंग, चिनीतून आलेला. पण 'रो' म्हणजे साधं घर नव्हे, मजल्याची इमारत. मराठीत त्याला तंतोतंत शब्द आहे: माडी. 'तो माडीवर जातो' म्हटलं की आपल्याकडे वेगळं काही सांगावं लागत नव्हतं.