स्किझॉइड की अव्हॉइडंट? आधी एवढं बघ

ताई, तुझा मुलगा कुणात मिसळत नाही, एकटाच राहतो, हे स्किझॉइड की अव्हॉइडंट असं विचारलंयस ते वाचलं, घाबरू नकोस. हे दोन्ही व्यक्तिमत्त्वाचे विकार (पर्सनॅलिटी डिसऑर्डर) आहेत आणि बाहेरून सेमच दिसतात, मित्र नाहीत, फोन उचलत नाही, पाहुणे आले की खोलीत. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, अव्हॉइडंट पहिल्यांदा वेगळं लिहिलं गेलं, आणि मुख्य फरक हाच की माणूस एकटा राहतो तो इच्छा नाही म्हणून की भीती वाटते म्हणून.

माझ्या धाकट्या भावाला अव्हॉइडंट आहे. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीच्या गणपतीला तो दुपारीच कुर्ता इस्त्री करून ठेवायचा, आरतीच्या वेळी घालायचा पण, आणि मग दाराच्या कडीवर हात ठेवून तसाच उभा, खाली टाळ्या चालू आणि हा रडवेला, कारण लोक काय म्हणतील. म्हणजे जायचं होतं गं त्याला! स्किझॉइडवाल्याला सहसा ती ओढच नसते, कौतुक करा नाहीतर टीका, फारसा फरक पडत नाही, एकटं राहण्यात त्याला चुकल्यासारखं वाटत नाही.

पण हे बघून घरीच शिक्का मारू नकोस प्लीज, डिप्रेशन, सोशल अँग्झायटी, ऑटिझम पण असंच दिसू शकतं. ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलला ओपीडी आहे, नावाला बिचकू नकोस, नाहीतर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर बोल, फ्री आहे, मराठीत बोलतात. आणि डॉक्टरांना "एकलकोंडा आहे" एवढंच नको सांगूस, कुर्त्यासारखे प्रसंग लिहून ने.