मुंबई आणि जपानमधल्या प्राथमिक शाळेच्या दिवसात नेमका काय फरक असतो?

मोठा फरक वेळेचा. मुंबईत जागाच अपुरी, म्हणून बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात: सकाळचं साधारण सातला, दुपारचं साडेबाराच्या सुमारास. (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं, पण दोन अधिवेशनं चालवणाऱ्या शाळेला ते बसवणं अवघडच.) जपानमध्ये एकच अधिवेशन: साधारण सव्वाआठ ते तीन-साडेतीन, 45 मिनिटांचे पाच-सहा तास. मुलं बहुधा चालत, गटाने जातात; व्हॅनकाका नाहीत.

खरी गंमत जेवणात. आपल्याकडे मधल्या सुट्टीत डबा किंवा पोषण आहाराची खिचडी. तिथे वर्गातच गरम जेवण. वाढपाची पाळी असलेली मुलं पांढरा एप्रन-टोपी घालून वाढतात. शाकाहारी कुटुंबांची पंचाईत इथेच होते: भाजी दिसली तरी सूपमध्ये माशांचा अर्क असतो. प्रवेशावेळीच वर्गशिक्षकांशी बोलून घरच्या डब्याची परवानगी घ्या.

जपानमध्ये रोज 15-20 मिनिटं वर्ग, जिना मुलंच झाडतात-पुसतात. शाळेत घालायचे बूटही वेगळे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्यासारखं जूनमध्ये नाही.