कडी लागली, असं वाटलं होतं

घरी बांधलेल्या कसरतींच्या विमानांवर लिहिल्यावर पत्रं आली ती बहुतेक कॅनोपीबद्दल, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाबद्दल आणि ते बंद ठेवणाऱ्या दोन कड्यांबद्दल.

प्रश्न : समोरच्या वाऱ्यानं कॅनोपी दबूनच राहणार. मग दोन कड्या कशाला? (शिक्षक, आर्वी)

गुरुजी, ती दबत नाही, उचलली जाते. वावधनात गोठ्यावरची टिनं उडतात, तेव्हा वरून सुसाट जाणारी हवाही त्यांना ओढत असते. कॅनोपीच्या फुगीर पाठीवर तेच होतं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. विमान उलटं झालं की झाकणाचं वजनही कडीवर लटकतं, आणि उणे ३ जीच्या कसरतीत, म्हणजे वैमानिकाला डोक्याच्या दिशेनं वजनाच्या तिप्पट ओढ बसते तेव्हा, ते तिप्पट होतं. ट्रॉलीच्या पिनेला आपण वरून क्लिप अडकवतो, तशी ही दुसरी कडी. मात्र दोन्ही कड्या एकाच दांड्यानं फिरत असतील, तर दांडा तुटला की दोन्ही गेल्या.

प्रश्न : डिसेंबरात बसवून दिलेली कडी आता मे महिन्यात जोर लावल्याशिवाय लागत नाही. थोडी घासून देऊ का? (फॅब्रिकेशनवाले, हिंगणघाट)

कानस खाली ठेवा! कॅनोपीचं अॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, तापलं की सांगाड्याच्या अॅल्युमिनियमच्या तिप्पट वाढतं. सकाळचे १२ अंश आणि मे महिन्यातले ४५ अंश, या फरकात मीटरभर अॅक्रिलिक सव्वादोन मिलिमीटरनं वाढतं, अॅल्युमिनियम जेमतेम पाऊण. उरलेला दीड मिलिमीटर तुमच्या कडीला नडतोय. आज घासाल, तर थंडीत तीच कडी अर्धीच अडकेल. अॅक्रिलिकमधली भोकं स्क्रूपेक्षा सैल हवीत, स्क्रूही करकचून आवळायचे नाहीत. कडी पहाटे आणि भर दुपारी, दोन्ही वेळा लावून बघा. पेट्रोलनं किंवा थिनरनं काच पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.

आणि दांडा फिरला म्हणजे कडी लागली, असं नसतं. आकडा खोबणीत पूर्ण गेलेला डोळ्यांनी दिसावा, म्हणून लाल रेघ मारून द्या. वैमानिकानं तळहातानं दोन्ही कोपरे वर ढकलून पाहावेत. मला ही सवय उशिरा लागली. त्याआधी धावपट्टीवर एकदा माझी टोपी उडाली होती.

प्रश्न : उड्डाण करतानाच उघडली तर? (शिकाऊ वैमानिक, बिरसी, गोंदिया)

धावपट्टी पुरेशी उरली असेल, तर थांबायचं. चाकं सुटली असतील, तर कॅनोपीला हात लावायचा नाही. ती ओढून घेण्याच्या नादात विमान हातचं जातं. कानठळ्या बसतील, चष्मा उडेल, धूळ डोळ्यांत जाईल. विमानाचं नाक आवरा, वेग राखा, रुंद वळण घेऊन उतरा. पुढे बिजागरी असलेली कॅनोपी बहुधा थोडी वर येऊन तरंगते. बाजूला बिजागरी असलेली तुटून शेपटावर आदळू शकते. तुमच्या विमानाचं पुस्तक काय सांगतं, ते जमिनीवर असतानाच वाचा.

प्रश्न : मग आतून कुलूपच लावलं तर? (तेच शिक्षक)

नको! पॅराशूट घेऊन उडी मारायची वेळ आली, तर पट्टे आवळलेल्या माणसाला कॅनोपी एका हातानं उघडता आली पाहिजे. बाहेरूनही उघडली पाहिजे. बाण काढून ‘इथून उघडा’ असं मराठीत रंगवा. आपल्याकडे धावत येणारा पहिला माणूस शेजारच्या वावरातला असतो.