गाडीचे शॉकअप आणि स्प्रिंग घरच्या घरी बदलावेत का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: साताऱ्यात राहता, हॅचबॅक आठ वर्षांची आहे, पाच माणसं बसली की यवतेश्वरच्या घाटात गाडी मागून घासते, खड्ड्यात पुढून खटखट वाजतं, आणि कडक स्प्रिंग नि गॅसचे शॉकअप ऑनलाइन मागवून अंगणातच बसवावेत असं मनात आहे.

मी मेकॅनिक नाही. एमआयडीसीत मशीन शॉपला नोकरी, त्यामुळे पाने हाताळायची सवय, एवढंच भांडवल. स्वतःच्या गाडीचं हे काम दोनदा केलंय. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरं जमलं. माझं मत आधीच सांगतो: मागचं काम घरी करा, पुढचं अर्धंच घरी करा. पण त्याआधी काही मागवू नका.

कारण तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. त्यामुळे पाच माणसांत गाडी बसते, त्यावर कितीही महागडे शॉकअप टाकले तरी ती जवळपास तेवढीच बसणार. उलट जुन्या शॉकअपवर नुसती कडक स्प्रिंग टाकलीत तर उसळी आवरायला कुणी उरत नाही, आणि गाडी घोड्यासारखी उडते. डिकीही एकदा रिकामी करून बघा. माझ्या डिकीत सासुरवाडीहून आलेलं तांदळाचं पोतं महिनाभर फिरत होतं आणि मी दोष स्प्रिंगला देत होतो.

आता खटखट. ती बहुतेक वेळा शॉकअपची नसतेच. गाडी सपाटीवर उभी करून स्टॅबिलायझरची (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याची) लिंक, म्हणजे जोडकांडी, हाताने हलवून बघा, खुळखुळली तर चोर सापडला. ही लिंक दोन नटांवर असते आणि स्वस्तात येते. जागेवर उभं राहून स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्ण' करून उसळली, तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, खेळ लागला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या हाताचा) बॉल जॉइंट किंवा चाक ज्यावर फिरतं ते हब बेअरिंग. शॉकअपसाठी एक कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन तिथेच थांबली तर ठीक, तीन-चारदा डुलली किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर तो संपला. माझ्या गाडीत पहिल्या वेळी शॉकअप चांगले होते, लिंक आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, गेली होती. हे मला सगळं खोलल्यावर कळलं.

मागचं काम सोपं का, ते सांगतो. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे एक आडवा बीम असतो, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. गाडी स्टँडवर (खाली लावायच्या लोखंडी टेकूंवर) घ्यायची, बीमखाली जॅकचा आधार द्यायचा, शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू खाली सोडायचा. स्प्रिंग सैल होऊन हातात येते. लक्ष फक्त ब्रेकच्या रबरी पाइपवर ठेवा, तो ताणला गेला की थांबा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात. नऊशे किलोच्या गाडीत पुढच्या एका स्प्रिंगवर साधारण अडीचशे किलोचा भार येतो. स्ट्रट गाडीतून काढला तरी ती मोकळी होत नाही, वरच्या नटाच्या जिवावर दाबलेली राहते. तो नट सोडायचा तर आधी स्प्रिंग आणखी दाबून धरावी लागते, आणि व्हिडिओतला माणूस हे हुक असलेल्या दोन दांड्यांनी पाच मिनिटांत करून दाखवतो. मीही तशाच दांड्या उसन्या आणल्या होत्या. अर्ध्यावर आल्यावर एक हुक वेढ्यावरून सरकला आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. नट अजून जागेवर होता म्हणून हे लिहायला मी आहे. ती दांडी इंच-इंच सैल करायला तासभर लागला. त्या तासात मी एकदाही स्ट्रटच्या टोकासमोर उभा राहिलो नाही, आणि बायको दारातून एक शब्द बोलली नाही, हे जास्त भीतीदायक होतं.

दुसऱ्या दिवशी तोच स्ट्रट स्कूटरवर पायाशी ठेवून गॅरेजला नेला. गॅरेजवाल्याकडे भिंतीला बसवलेला, स्प्रिंग दाबायचा प्रेस होता. दहा मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या, चहाच्या पैशांपेक्षा थोडं जास्त घेतलं. दुसऱ्या वेळी मी हेच ठरवून केलं: स्ट्रट घरी काढायचे, दाबायला गॅरेजला न्यायचे, परत घरी बसवायचे. यात मजुरीही वाचते आणि प्रत्येक बोल्ट आपल्या हाताने आवळल्याचं समाधानही मिळतं.

स्ट्रट काढताना खालचे दोन मोठे बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. इथला पाऊस आणि घाटातला चिखल यांनी ते असे धरतात की नुसत्या पान्याने हलत नाहीत. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक लागताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर स्ट्रटला अडकवलेली असते, ती आधी सोडवा. चाकाचा हब लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा, नाहीतर एक्सलचा जॉइंट बाहेर ओढला जातो. शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने कधीही धरू नका. त्यावर एक ओरखडा पडला की सील फाटून नवा शॉकअप तेल सोडतो.

माझी दुसरी चूक जास्त लोक करतात. लोअर आर्मचे बुश मी चाकं हवेत असतानाच पूर्ण आवळले. गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहिलं आणि काही महिन्यांत फाटलं. हे बोल्ट आधी नुसते हाताने सैलसर लावून ठेवायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळायचे.

तुमच्या अंगणाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची निम्मी घरं उतारावर आहेत. उतारावर हे काम अजिबात नको, चाकाला कितीही दगड लावलेत तरी. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी टेकवू नका, ते न सांगता फुटतात. सपाट काँक्रीट आणि दोन स्टँड नसतील तर सगळंच गॅरेजला द्या.

स्प्रिंगच्या वेढ्यात बसवायचे रबरी बफर मला पटत नाहीत. ते अडकवलेले वेढे काम करत नाहीत, दबण्याचं काम उरलेल्यांवर येतं, आणि एकटं जाताना गाडी दगडासारखी आदळते. उंची वाढवायचे किट तर सोडाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. मूळ मापाचे नवे भाग टाकायला काहीच हरकत नाही. टाकायचे ते नेहमी जोडीने, आणि पुढचं काम झालं की त्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. नाहीतर टायर आतल्या कडेने झिजून जातात.

तर आधी एवढं करा: गाडी रिकामी, टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, आणि चारही चाकांना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक आला तर एक स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय. मग पाच माणसं बसवून मागचं पुन्हा मोजा. आकडे खाली लिहा, मग नक्की काय मागवायचं ते बघू.