ब्लूटूथ हेडसेटवर गाणी वाजतात पण कॉलचा आवाज फोनमधूनच येतो, काय करू?

हेडसेट बिघडलाय असं समजून लगेच नवीन घेऊ नका, गाण्यांचा आणि कॉलचा आवाज ब्लूटूथवर वेगवेगळ्या प्रोफाइलने, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या जोडणीने जातो आणि त्यातलं कॉलवालं बंद पडलं की नेमकं हेच होतं. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथला जा, हेडसेटच्या नावापुढचं चाक दाबा आणि फोन कॉल्सचं बटण चालू आहे का बघा, बहुतेक तिथेच सापडेल. चालू असूनही तसंच होत असेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीतून हेडसेट काढून टाका, फोन रीस्टार्ट करा आणि परत पेअर करा. हां, आणि हाच हेडसेट लॅपटॉपलाही जोडलेला असेल तर तेव्हा लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर हेडसेट आधी तिकडेच जोडला जाऊ शकतो आणि फोनला सापडत नाही.