रेघांचा क्रम पाठ करायचा की हाताला लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅपवर शिकून बरीच चिनी अक्षरं ओळखता येतात, टाइप तर रोमन लिपीतूनच करायचं, आणि हल्ली चिनी माणसंसुद्धा हाताने लिहायचं विसरतात. मग एकेका अक्षराच्या रेघांचा क्रम पाठ करत का बसायचं? त्यात पुस्तकात एक क्रम आणि जपानी व्हिडिओत दुसरा.

क्रम जरूर शिका. मात्र अक्षरागणिक पाठ करू नका. अक्षरं हजारो असली तरी ती बनतात त्याच त्या घटकांची, आणि क्रम बसवायचा तो घटकांचा.

‘तोंड’ या अर्थाचं खौ (口) घ्या. दिसतो चौकोन, म्हणून आपण चार रेघा ओढतो, नाहीतर पेन न उचलता गोल फिरवून आणतो. देवनागरीमुळे आपला हात गोलाईकडे फार झुकतो. खौमध्ये रेघा तीनच. आधी डावी उभी, वरून खाली. मग वरची आडवी नेत उजव्या कोपऱ्यात पेन न उचलता खाली वळायचं. शेवटी तळाची आडवी, डावीकडून उजवीकडे. हे एकदा बसलं की ‘खाणे’, ‘नाव’, ‘विचारणे’ या तिन्ही अक्षरांत हाच तुकडा याच क्रमाने येतो.

आता ‘देश’, म्हणजे गुओ (国). आठ रेघा. बाहेरची डावी उभी, मग वरून उजवीकडे वळणारी, इथे थांबायचं. आत तीन आडव्यांचा ‘जेड’ (हिरवा मौल्यवान दगड) या अर्थाचा घटक: दोन आडव्या, उभी, तळाची आडवी आणि ठिपका. त्यानंतरच बाहेरची तळाची रेघ. चीनमध्ये मुलांना हे शिकवताना म्हणतात, आधी माणूस आत, मग दार बंद. दार आधी लावलं तर आतला भाग चेपतो किंवा एका बाजूला सरकतो, हे लिहून बघाल तर लगेच दिसेल.

बाकी नियम तसे सोपे आहेत: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी छेदणाऱ्या उभीच्या आधी, आणि ‘पाणी’ किंवा ‘लहान’सारख्या अक्षरांत मधली उभी आधी, बाजू नंतर.

क्रमाचा खरा उपयोग कळतो तो हात भरभर चालायला लागल्यावर. ‘मी’, म्हणजे वो (我), हे अक्षर बघा. त्याची चौथी रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे चढते, आणि ती जिथे संपते तिथून पाचव्या लांब तिरप्या रेघेच्या सुरुवातीला हात सहज पोहोचतो. भरभर लिहिताना या दोन रेघा जोडल्या जातात. काही अक्षरांत डावीकडे ‘पाण्याचे तीन ठिपके’ हा घटक येतो, त्यामध्येही खालचे दोन जोडून एक होतात. चिनी माणूस हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचतो ती या जोडांवरूनच. तुमचा क्रम वेगळा असेल तर तुमचे जोड भलत्याच ठिकाणी पडतील आणि अक्षर त्याला लागणार नाही. उलट, हॉटेलातल्या फळ्यावरचं किंवा शिक्षकांनी वहीत लिहिलेलं वाचायला तुम्हालाही हेच जोड ओळखता यायला हवेत. मोबाइलवर रेघांनी टाइप करायची पद्धत तर सगळी क्रमावरच चालते: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका आणि वळणारी अशा पाच कळा असतात. क्रम चुकला की हवं ते अक्षर सहसा येतच नाही.

दोन क्रम दिसतात, कारण देशागणिक प्रमाण वेगळं आहे. ‘शेत’ लिहिताना चीनमध्ये आतली आडवी आधी, जपानमध्ये उभी आधी. ‘उजवा’ आणि ‘डावा’ ही दोन्ही अक्षरं चीनमध्ये आडव्या रेघेने सुरू होतात. जपानमध्ये ‘उजवा’ तिरप्या रेघेने सुरू होतो. तैवानचा क्रमही काही अक्षरांत निराळा आहे. चूक कोणाचीच नाही, पण तुम्ही चिनी शिकताय, सरलीकृत (चीनमध्ये चालणारी, कमी रेघांची) अक्षरं लिहिताय, तेव्हा चीनचंच प्रमाण धरा. तिथे 2020 मध्ये 8105 अक्षरांचा अधिकृत क्रम प्रसिद्ध झाला आणि मार्च 2021 पासून तो लागू आहे. शंका आली की तो प्रमाण मानायचा.

सगळी अक्षरं हाताने लिहिता आलीच पाहिजेत असं मात्र नाही. परदेशी शिकणाऱ्यांसाठीच्या चीनच्या 2021 च्या भाषा-प्रावीण्य निकषांत ओळखायची अक्षरं 3000 आहेत, लिहायची 1200. पहिल्या तीन पातळ्यांना तर ओळखायला 900 आणि लिहायला फक्त 300. माझ्या मते या 300 वरच जीव लावावा. त्यांत बहुतेक नेहमीचे घटक येऊन जातात.

सरावासाठी चौकटीची वही घ्या, प्रत्येक चौकटीत अधिकचं चिन्ह असलेली. अक्षर दोनतीनदा बघून गिरवा, मग वही झाकून आठवणीने लिहा, मग ताडून बघा. एकच अक्षर पानभर लिहू नका. तिसऱ्या ओळीपासून डोकं बंद पडतं आणि हात नुसती नक्कल करत राहतो. त्यापेक्षा पाच वेगवेगळी अक्षरं आलटून पालटून लिहा. ‘क’ काढताना आधी काय हे आपल्याला आठवावं लागत नाही, हात जातो. इथेही तेच व्हायला हवं.

आज खौ, गुओ आणि वो लिहून पानाचा फोटो टाका. रेघांची टोकं आणि जोड बघून क्रम कुठे चुकतोय ते सांगतो.